परमिट परत आल्यानंतर

आमच्या उपकेंद्रात लाल दिवा म्हणजे लाइन चालू आणि हिरवा दिवा म्हणजे बंद. नवा माणूस आला की त्याला हे उलटं वाटतं. मला कधी वाटलं नाही. पॅनलवर हिरवा दिवा लागला की माझ्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. लाइन बंद, म्हणजे आता कोणाला काही होणार नाही. ज्याचं काम लोकांना वीज देण्याचं आहे, त्याला वीज बंद असतानाच बरं वाटावं, यात काही बिघडलेलं आहे हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या भरतीत मी लागलो. आधी लाखांदूरकडे, मग साकोलीकडे आणि शेवटी पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या बाजूला. चारही दिशांना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आणि मधोमध तारेच्या कुंपणात आमचं उपकेंद्र. गावागावांकडे जाणाऱ्या लाइनींना आम्ही फीडर म्हणतो. त्या चालू-बंद करणारा माणूस म्हणजे ऑपरेटर. तो मी.

या कामातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. कुठे तार तुटली, फांदी पडली, की वायरमन खांबावर चढण्याआधी माझ्याकडून परमिट, म्हणजे लाइनवर काम करायची परवानगी, घेतो. मी पॅनलवरून फीडर बंद करतो, अंगणातल्या यार्डात जाऊन लाइन तोडणारा दांडा खाली ओढतो, तारा जमिनीशी जोडून टाकतो आणि मग परमिट देतो. त्यानंतर साहेब आले, सरपंच आले, कोणीही आलं तरी लाइन सुरू करायची नाही. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. समोर येऊन किंवा फोनवर, स्वतःच्या तोंडानं. 'सगळी माणसं खाली उतरली, परमिट परत' असं तो म्हणाला की लाइन सुरू करायची. करायचीच. ही रीत दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे. परमिट परत येईपर्यंत मला लाइन देता येत नाही, आणि परत आल्यावर अडवून ठेवता येत नाही.

पहिली बाजू मी कधीच चुकवली नाही. दुसरी हळूहळू माझ्या हातून सुटत गेली.

आमचा वायरमन माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मोहाडीकडचा, करडीचा. मला भाऊ म्हणायचा. बोलण्यात तिखट, कामात सरळ. त्यानं परमिट परत केलं की मी विचारायचो, "सगळे उतरले ना?" तो म्हणायचा, "उतरले." फोन ठेवायचो आणि पुन्हा लावायचो. "तू स्वतः पाह्यलं ना?" पुढे पुढे लाइन दिल्यावरही फोन करायला लागलो.

"कुठं हायेस?"

"वर."

माझ्या हातातला फोन निसटायचा राहायचा. मग पलीकडून हसणं. "वरतूनच बोलून राह्यलो भाऊ, स्वर्गातून. इथं बी लाइन नाही, पाहा जरा."

उपकेंद्रातले सगळे या गमतीवर हसायचे. मीही हसायचो. पण घाम पुसत हसायचो हे कोणी पाहिलं नाही.

आणि हे फक्त लाइनीपुरतं नव्हतं. घरून निघताना गॅसची नळी बघायची, फाटकापर्यंत जाऊन परत यायचं, पुन्हा बघायची. मुलगी भंडाऱ्याला कॉलेजात जायची. तिची एसटी उशिरा आली की मी पवनीच्या रस्त्यावरचे सगळे ट्रक डोक्यात चालवायचो. बायकोला खोकला झाला की तिच्यानंतरच्या माझ्या एकट्या आयुष्यापर्यंत जाऊन पोचायचो. पाठ सतत दुखायची, दात आवळलेले असायचे, लहानसहान गोष्टीवरून घरात खेकसायचो. मुलीनं एकदा विचारलं होतं, "बाबा, तुमी आमच्यावर चिडता का आमच्यासाठी चिडता?" मला वाटायचं, जबाबदार माणूस असाच असतो. ज्याला काळजी नाही तो बेफिकीर.

मग ती दुपार आली.

रोवण्याचे दिवस होते. पावसानं मध्येच दडी मारली होती. बांध्यांमध्ये चिखल केलेला, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधावर काढून ठेवलेल्या, आणि पाणी नाही. बोडीच्या लहान तळ्यातून, विहिरीतून पंपानं ओढायचं तर वीज हवी. नेमकी तेव्हा एका फीडरवर तार तुटली. वायरमननं परमिट घेतलं, तार जोडली आणि फोनवर परमिट परत केलं. नेहमीच्या शब्दांत, काही न चुकवता.

मी यार्डात जाऊन जमिनीची जोडणी काढली, दांडा वर केला, आत आलो. फक्त फीडर चालू करणारी पॅनलची मूठ फिरवायची बाकी होती. आणि मला वाटलं, आवाज जरा वेगळा होता. त्यानं 'सगळी माणसं' म्हटलं की नुसतं 'माणसं' म्हटलं? मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. नंतर कळलं की त्याची बॅटरी उतरली होती आणि तो एका शेतात भाकर खात बसला होता. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तो खांबावरच होता.

मी मूठ सोडून खुर्चीत बसलो. पुन्हा उठलो. पुन्हा हात ठेवला. पुन्हा काढला. वेळ जात राहिला.

सूर्य कलायला लागला तेव्हा माणसं आली. मोटारसायकली फाटकाशी लागल्या. सगळे ओळखीचे, चिखलानं भरलेले.

"काहून जी, लाइन काहून नाही देऊन राह्यले?"

"काम सुरू हाय," मी म्हणालो.

"कायचं काम? तुमचा वायरमन आमच्याच धुऱ्यावर जेवून राह्यला होता. त्यानं सांगतलं, लाइन आली असंन म्हणून."

"मले त्याचा फोन येऊ द्या."

"फोन आला होता न तुमाले? त्यानं केला म्हणे."

"आणखी एकदा येऊ द्या."

एक म्हातारा, गावातला सगळ्यांत शांत म्हणून ओळखला जाणारा, म्हणाला, "साहेब, पऱ्हे सुकून राह्यले. बायांची मजुरी चढून राह्यली, त्या बसून हायेत बांधावर. तुमी काय मुहूर्त पाहून राह्यले का?" मागे कोणीतरी हसलं. मग एक तरुण पुढे आला. "हटा बाजूले. कोणता खटका हाय सांगा, मीच दाबतो."

मी पॅनलपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलो. तो काही मला मारणार नव्हता. पण माझ्या हातांतल्या मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, छातीवर कोणी धानाचं पोतं ठेवल्यासारखं झालं, आणि मी खाली बसलो. त्याच तरुणानं मला उचललं, एवढं आठवतं. "अबे, पाणी आणा न कोणी," तो ओरडत होता. वायरमनला कोणीतरी गाठून आणलं. तो आला तो सरळ माझ्याजवळ. मी त्याला पाहिलं आणि पहिला शब्द बोललो तो "उतरला?"

लाइन दुसऱ्या ऑपरेटरनं येऊन दिली. मला पवनीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सगळ्यांना वाटलं, हृदयाचा झटका. छातीला पट्ट्या लावून कागद काढला. कागदात काही दोष निघाला नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हणालो, "झोपेचं काय विचारता?" त्यांनी भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टर बाई माझ्या लहान बहिणीच्या वयाच्या. त्यांनी पुष्कळ विचारलं. मी फक्त लाइनीबद्दल बोलत होतो.

"तुमच्या हातून कधी अपघात झाला होता का?"

"नाही."

"तुमच्यासमोर कोणाचा?"

"नाही."

"घरात कधी काही मोठं?"

"नाही."

हे तीन 'नाही' सांगताना मला जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. काही झालेलंच नव्हतं. दुःख भोगून माणूस खचला तर समजतं. माझे वडील दुसऱ्यांच्या बांध्यांत राबले, विटा वाहिल्या, गावाच्या विहिरीवर काय काय ऐकून घेतलं. छप्पन सालानंतर दीक्षा घेऊन घरात पहिल्यांदा मान वर केली, आणि मला शिकवलं. मी त्यांचा पगारदार मुलगा. पक्कं घर, भरलेलं ताट, शिकणारी मुलगी. वडील कधी घाबरलेले मी पाहिले नाहीत. आणि मी एक मूठ फिरवायला घाबरून जमिनीवर बसलो.

"डॉक्टर, माझी भीती खोटी नाही," मी म्हणालो. "त्या तारेवर खरोखर माणूस असतो."

"असतो," त्या म्हणाल्या. "गॅसच्या नळीवर कोण असतं? मुलीच्या एसटीवर? मघाशी तुम्ही बाहेर ठेवलेल्या चपलांचं म्हणालात, त्यांच्यावर?"

चपला कोणी नेतील म्हणून मी तपासणीच्या मध्ये उठून दार उघडून पाहिलं होतं.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. सर्वव्यापी चिंता विकार, असं मराठीत, आणि इंग्रजीतलं लांब नाव वेगळं. नाव ऐकून आधी हलकं वाटलं. बाहेर आल्यावर जड वाटायला लागलं, कारण आजवर ज्याला मी माझा स्वभाव, माझं इमान समजत होतो, तेच आता आजार म्हणून माझ्या हातात आलं होतं. मग माझं म्हणून काय उरलं? आणि ज्यांच्यावर मी इतकी वर्षं खेकसलो, त्यांना काय सांगायचं? आजारी होतो म्हणून?

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर बाईंनी रजा घ्यायला सांगितली, कारण सुरुवातीला सुस्ती येते. मी थोडीच रजा घेतली. रोवण्याच्या दिवसांत उपकेंद्रात माणसं कमी, आणि जास्त रजा मागितली तर कारण सांगावं लागलं असतं.

कारण सांगायचं नाही, हे बायकोनं पहिल्याच संध्याकाळी ठरवलं होतं. "कोणाले सांगू नोका. साहेबाले नाही अन् थ्या वायरमनले तं मुळीच नाही. त्याच्या पोटात काही राह्यते का? पोरीचं जमवाचं हाय दोन वर्षांत. लोकं म्हणतीन, बाप पागल हाय."

"तो पागलपणा नोहे, डॉक्टर बाईनं सांगतलं."

"डॉक्टर बाई येईन का सोयरीक घेऊन?" मग म्हणाली, "अन् मी काय काळजी करत नाही का? तुमी घरी येईपर्यंत माह्या जिवाची काय गत होते ते कोणी पाह्यलं? मले नाही देत कोणी गोळ्या."

ती चिडून बोलत होती, पण तिचे डोळे भरले होते. माझ्या भीतीचा अर्धा वाटा ती कधीपासून उचलत होती, हे मला त्या वाक्यानं कळलं. मी तिचं ऐकलं. खरं सांगायचं तर तिच्यासाठी ऐकलं नाही, माझ्यासाठी ऐकलं. मलाही लपायचंच होतं. तिनं मला लपायला जागा दिली.

रविवारी विहारात जाणंही मी टाळायला लागलो. तिथे मुलांना श्वासावर लक्ष ठेवायला मीच शिकवायचो. डोळे मिटा, श्वास आत येतो तो बघा, बाहेर जातो तो बघा. डॉक्टर बाईंनी मला नेमकं तेच करायला सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं आणि लगेच लाज. जो इतरांना शिकवतो त्यालाच भीती आहे, हे त्या लहान मुलांना कळेल अशी भीती. भीतीला आणखी एक जागा मिळाली.

सुमारे महिनाभर मी कोणाला काही बोललो नाही. त्या महिन्यात वायरमन माझ्या परमिटवर खांबावर चढत होता.

एके दिवशी दुपारी त्यानं परमिट घेतलं. मी सगळं केलं, आत आलो, खुर्चीत बसलो, आणि मला आठवेना की मी तारा जमिनीशी जोडल्या की नाही. गोळीची सुस्ती होती. यार्डाची आठवण धुक्यात गेल्यासारखी झाली होती. मी धावत बाहेर गेलो. जोडलेल्या होत्या. सगळं बरोबर होतं. पण मी तिथे उन्हात उभा राहिलो आणि मला स्पष्ट दिसलं की आजवरच्या माझ्या सगळ्या भीत्या हवेतल्या होत्या, ही तशी नाही. तो माणूस वर आहे. त्याला वाटतंय की खाली बसलेला आपला भाऊ नेहमीसारखा आहे. त्याला जे माहीत असायला पाहिजे ते मी त्याच्यापासून लपवून ठेवलंय, आणि ते मुलीच्या सोयरिकीसाठी.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की मी बोलणार आहे. ती भांडली. मग म्हणाली, "त्याची बायको माह्या ओळखीची हाय." एवढंच. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

दुसऱ्या दिवशी वायरमन यार्डाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली मोटारसायकलवर बसला होता. मी जवळ गेलो आणि सगळं एका दमात सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, भंडारा.

"पागल झाले का तुमी?" तो म्हणाला. हे तो दिवसातून पन्नासदा म्हणतो, सगळ्यांना म्हणतो. मग त्यालाच ते ऐकू आलं. त्यानं मान खाली घातली. "तसं नाही जी."

"मालूम हाय."

"कधीपासून सुरू हायेत गोळ्या?"

"महिना होऊन राह्यला."

त्यानं बोटांनी मोटारसायकलचा आरसा सरळ केला. पुन्हा वाकडा केला. "म्हणजे तलावाजवळच्या खंब्यावर होतो मी, तवा?"

"हो."

"अन् काल दुपारी?"

"हो."

"भाऊ, आजारी पडणं तुमच्या हातात नोहे. सांगणं तं होतं?"

तो गाडी सुरू करून गेला. त्या आठवड्यात त्यानं माझ्या ड्युटीत एकही परमिट घेतलं नाही. काम असलं तर दुसऱ्या ऑपरेटरची पाळी येईपर्यंत थांबायचा. गावकऱ्यांच्या शिव्या तो खायचा, माझं नाव न घेता. मला ते शिव्यांपेक्षा वाईट लागायचं.

त्याच आठवड्यात मी आमच्या इंजिनिअर साहेबांनाही डॉक्टरांचा कागद दाखवला. तरुण माणूस, नागपूरचा. त्यांनी तो दोनदा वाचला. "काका, काम जमेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी सुस्ती कमी होईपर्यंत माझ्यासोबत दुसरा माणूस बसवला. मग डॉक्टर बाईंनी लिहून दिलं की एकट्यानं काम करायला हरकत नाही. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता.

मी पुन्हा एकटा बसायला लागलो त्या दिवशी वायरमन आला तो हातात कुलूप घेऊन. पितळी, चांगलं जाडजूड, नवं.

"हे पाहा भाऊ," तो म्हणाला, "तुमी दांडा खाली ओढसान तवा मी हे त्याले लावीन. चावी माह्या खिशात. मी खाली उतरून, इथं येऊन, माह्या हातानं काढीन. तवर तुमच्या हातून चुकून बी लाइन नाही जात. पटते का?"

मला ते गालावर चपराक बसल्यासारखं लागलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझ्यावर कुलूप. "दुसऱ्याच्या पाळीत बी लावशीन का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो तसा नाही.

मी म्हणालो, लाव.

आता भीती संपायला हवी होती, नाही का? दांड्याला कुलूप, चावी त्याच्या खिशात. मी काहीही केलं तरी तो सुरक्षित. पहिल्याच वेळी, तो खांबावर असताना, मला वाटायला लागलं की चावी त्याच्या खिशातून खाली पडेल, चिखलात जाईल, आणि मग लाइन कशी देणार? मी फोन लावला. "चावी हाय ना खिशात?" तो इतक्या जोरात हसला की मी फोन कानापासून दूर धरला. "बाप्पा रे बाप्पा," तो म्हणत होता, "भाऊ, तुमचं काही खरं नाही." मलाही हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही एकत्र हसलो. पण हसू ओसरल्यावर मी हादरलो. भीतीला कारण लागत नव्हतं. एक कारण काढून घेतलं की ती दुसऱ्यावर जाऊन बसत होती.

डॉक्टर बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही खात्री होण्याची वाट बघता. ती होणार नाही. नियमात जेवढं तपासायला सांगितलंय तेवढं एकदा तपासा. मोठ्यानं बोलून तपासा. मग भीती असतानाच मूठ फिरवा, आणि नंतर फोन करू नका."

"नंतर फोन केला तर काय बिघडतं?"

"त्या फोननं तुम्हाला थोडा वेळ बरं वाटतं. म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लागतो."

ऐकायला सोपं वाटलं. करायला पावसाळा गेला. कधी जमायचं, कधी लाइन दिल्यावर लगेच फोन उचलायचो. वायरमन आता गंमत करत नसे. "उतरलो भाऊ," एवढंच म्हणून ठेवून द्यायचा. त्याच्या त्या सांभाळून बोलण्यानं मला जास्त लहान वाटायचं.

धान निसवायला, लोंब्या बाहेर काढायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. शेवटचं पाणी द्यायचे दिवस. सकाळच्या वाऱ्यानं एका फीडरवर बाभळीची फांदी पडली. वायरमन आला, खिसे चाचपले.

"कुलूप घरी राह्यलं," तो म्हणाला. "जाऊन आणू का?"

त्याचं घर लांब होतं. फाटकाशी दोघं शेतकरी थांबले होते. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं की हा प्रश्न कुलपाचा नाही. त्याला ऐकायचं होतं ते मी म्हणायला हवं होतं. पण काय म्हणायला हवं ते मला खरोखर ठरवता येईना. कुलूप आण म्हणणं शहाणपणाचं की आजाराचं? राहू दे म्हणणं धिटाईचं की बेफिकिरीचं? माझ्यासारख्याचं हेच तर वाईट असतं. स्वतःच्या शहाणपणावरही संशय.

मग मी रीत आठवली. रीतीत कुलूप नाही. रीतीत परमिट आहे.

"राहू दे," मी म्हणालो. "परमिट घे."

त्यानं खिशातून हात काढला. "घेतो," म्हणाला.

मी फीडर बंद केला, मोठ्यानं बोललो. दांडा ओढला, मोठ्यानं बोललो. तारा जमिनीशी जोडल्या, ते बोलताना त्यालाही समोर उभं केलं. तो गेला. मी आत येऊन बसलो. पाठ दगडासारखी झाली होती. तळहात पँटला पुसत होतो.

फोन वाजला. "फांदी काढली. सगळी माणसं खाली. परमिट परत."

"सगळी माणसं खाली?" मी एकदा विचारलं.

"सगळी."

मी यार्डात गेलो, जोडणी काढली, दांडा वर केला. आत आलो. मूठ धरली. माझ्या डोळ्यांसमोर तो खांबावर होता, अगदी स्वच्छ, डाव्या हातानं तार धरलेली. खात्री आली नाही. मी थांबलोही नाही. मूठ फिरवली. पॅनलमधून ठक्क असा आवाज आला आणि हिरव्याच्या जागी लाल दिवा लागला.

फोन टेबलावर होता. मी तो उचलला नाही. उचलला नाही हे लिहायला एक ओळ लागते. तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. त्याचा जळालेला हात, त्याच्या बायकोचं माझ्या दारात येणं, माझ्या बायकोनं तिला पाहून तोंड वळवणं, सगळं माझ्यापुढून गेलं. त्याचाही फोन आला नाही. गावातून कोणाचा आला नाही. लाइन आली की कोणी फोन करत नाही, गेली की करतात.

पाळी बदलली. दुसरा ऑपरेटर आला. "काही विशेष?" त्यानं विचारलं. "फांदी होती. काढली," मी म्हणालो.

घरी जायला दोन रस्ते आहेत. एक सरळ, आणि दुसरा पाटावरून, जरा लांबचा. पाटावरचा रस्ता त्या फांदीच्या खांबाजवळून जातो. मी फाटकाबाहेर सायकल घेऊन उभा राहिलो. तिकडून गेलो असतो तर त्याची मोटारसायकल दिसली असती, किंवा नसती दिसली, किंवा तो कुठे बांधावर बसलेला दिसला असता, आणि मग रात्रभर झोप लागली असती. मी सरळ रस्ता धरला. अर्ध्या वाटेत दोनदा मागे वळावंसं वाटलं.

बायकोनं दारातच माझा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"भेव लागून राह्यलं."

"कायचं?"

"त्याले परमिट दिलं होतं. लाइन देली. फोन नाही केला."

तिनं स्वतःच्या फोनकडे पाहिलं. मला कळलं, ती त्याच्या बायकोला लावणार होती, माझ्यासाठी. मी मान हलवली. तिनं फोन खाली ठेवला. तिलाही ते सोपं गेलं नाही; फोन ठेवूनही तिचा हात त्याच्यावरच होता.

"मंग आता?" ती म्हणाली.

"आता काही नाही. भूक लागली."

तिनं भात वाढला आणि स्वतःचंही ताट घेऊन माझ्यासमोर बसली. आम्ही दोघंही हळूहळू जेवलो. भीती अजून होतीच.